खाजामामा, त्या कार्डाविषयी

खाजामामा, "तू कुणामुळं शिकलास?" असं कुणी विचारलं की लोक आईबापाचं नाव घेतात, गुरुजींचं घेतात. मी तुमचं घेतो. मुरुमपासून दोन कोसांवरच्या आमच्या खेड्यातले तुम्ही आधी बटईदार, मग सालगडी, मग रोजानं कामाला जाणारे. तुम्ही नसता तर आज मी तुळजापूरच्या शाळेत फळ्यापुढं उभा नसतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर तुमच्या पाठीवर बसून पदवीपर्यंत गेला. हे मी पुष्कळांना सांगितलं आहे. जे कुणालाच सांगितलं नाही ते आज तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही जाऊन महिना झाला, आता तुमच्यापुढं कसली भीती?

तुमचा मुलगा रहीम तुमच्या शेवटच्या सकाळविषयी सांगतो ते असं. मारुतीच्या पारासमोर सकाळी कामाला जाणारी माणसं बसतात. मुकादम येतो आणि बोटानं दाखवत "तू चल, तू चल" करतो. त्या दिवशी विहिरीच्या खोदाईला आठ माणसं पाहिजे होती. तुम्ही पारासमोरच्या शाळेच्या भिंतीला टेकून बसला होता, खांद्यावर घोंगडी, डोळे मिटलेले. मुकादम म्हणाला, "म्हाताऱ्याला झोपू द्या." त्यानं आठ माणसं निवडली आणि तो गेला. ऊन पायावर चढलं तरी तुम्ही हलला नाहीत, तेव्हा कुणीतरी हात लावून बघितलं.

त्या भिंतीशी तुम्ही काम मिळावं म्हणून बसला होता. आणि त्या भिंतीशी तुम्हाला मी आणून बसवलं होतं, मामा.

परवा रहीम तुळजापूरला माझ्या खोलीवर आला. तुमची तंबाखूची चंची त्यानं माझ्यापुढं उलगडली. आत चुन्याच्या डबीखाली चार घड्या घातलेलं एक पोस्टकार्ड होतं.

"भाऊ, ह्ये अब्बानं इतकी वर्सं जपलं. कुणाच्या हातात दिलं न्हाय. काय लिवलंय ह्यात? वाचा की."

मी उजेडाकडं धरून बघितलं. अक्षर माझंच. मी म्हणालो, "शाई पुसली आहे रे. लागत नाही."

शाई पुसलेली नव्हती. चुन्यानं एक कोपरा खाल्ला होता एवढंच.

कार्डाकडं जाण्याआधी मला मागं जायचं आहे, कारण तुम्ही काय केलंत हे आधी लिहिलं पाहिजे. माझे वडील मालकांचे सालगडी होते. गावातली निम्मी काळी मालकांची, म्हणून सगळे त्यांना नुसतं मालकच म्हणायचे. साल धरायचं म्हणजे पाडव्याला बोली व्हायची आणि पुढच्या पाडव्यापर्यंत त्या माणसाचा प्रत्येक दिवस मालकाचा. सालगडी मध्येच मेला तर उरलेलं साल त्याच्या घरातल्या माणसानं काढायचं, अशी आमच्याकडची रीत. वडील दसऱ्यानंतर तापानं गेले. मी सोळा वर्षांचा, उमरग्याला आठवीत. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मालकांचे दिवाणजी दारात आले.

"अंजना, पोरगं उंचीनं बापाएवढं झालंय. उद्यापास्नं औत धरू दे. पाडव्यापतूर तर हाय."

धाकटा भाऊ आईच्या पदराला होता. तुम्ही उंबऱ्याशी बसला होता.

"त्ये साल म्या काढतो," तुम्ही म्हणालात.

"तुला तुझं चिंचेचं शेत हाय की, खाजा."

"त्ये बी करतो."

"चार हात हैत का तुला?"

"दोनच हैत, दिवाणजी. पन लौकर उठत्यात."

दिवाणजीसुद्धा हसले. मी दुसऱ्या दिवशी उमरग्याला परत गेलो, आणि तुम्ही पाडव्यापर्यंत मालकांचं औतही हाकलंत आणि चिंचेचं शेतही पिकवलंत. मामींनी मला नंतर सांगितलं की त्या हिवाळ्यात तुम्ही जेवता जेवता ताटावरच झोपायचात. तुमचं आमचं नातं रक्ताचं नव्हतं. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत, मुसलमानांच्या घरांवर हल्ले होत होते तेव्हा, तुम्ही आणि मामी आठ दिवस आमच्या घरात होता, आणि आईनं दाराशी बसून कुणाला आत येऊ दिलं नव्हतं. त्यानंतर तुम्ही तिला अंजनाक्का म्हणू लागलात. त्या आठ दिवसांविषयी तुम्ही कधी एक शब्द बोलला नाहीत. पण खाकी कपडा दिसला की तुमचा हात आपोआप रुमालाची गाठ सारखी करायला जायचा, आणि कुणी कागद पुढं केला की तुम्ही डोळे खाली करायचात.

चिंचेचं शेत चार एकरांचं होतं. मालकी मालकांची, कसणूक तुमच्या वडलांपासून तुमची, पीक निम्मं-निम्मं, म्हणजे बटईनं. तुमची चाड्यावरची मूठ सगळ्या शिवारात नावाजलेली होती. तिफणीच्या चाड्यात मुठीनं बी सोडताना तुम्ही बोटांकडं बघतसुद्धा नसायचात, बैलांशी बोलत असायचात. उगवल्यावर तासं अशी सरळ दिसायची की वाटेवरचा माणूस उभा राहायचा. "मूठ घट्ट धरली तर दाना पडत न्हाय, सैल सोडली तर सांडतोय," असं तुम्ही मला शिकवायचा प्रयत्न केलात. माझ्या तासाकडं बघून म्हणाला होतात, "नामदेवा, तू साळंतच जा बाबा. जवारीवर उपकार कर."

मग कुळकायदा आला. मी तेव्हा सोलापूरच्या कॉलेजात होतो. कायदा सांगत होता की जो वर्षानुवर्षं शेत कसतो त्याला उठवता येणार नाही. पुढं ते शेत त्याच्या नावावरही होऊ शकेल. मात्र कुळानं स्वतः तहसीलदार साहेबासमोर राजीखुशीनं शेत सोडलं, तर ते मालकाच्या खुदकाश्तीत, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कसणुकीत, परत जाणार. वाचून मला आनंद झाला. गावात गेलो तर आनंद कुठंच नव्हता. मालक घाबरले होते. त्यांनी एकेका बटईदाराला बोलावून कोऱ्या कागदावर अंगठे घ्यायला सुरुवात केली होती. सालगड्यालाही एका शेतात दुसरं वर्ष ठेवायचं नाही असं ठरवलं होतं, कारण जुना झालेला माणूस उद्या कूळ म्हणून उभा राहील. ज्यांचं बटईचं शेत गेलं ते सालासाठी येत होते. ज्यांचं साल गेलं ते पारावर येऊन बसत होते. पूर्वी पाराची ती जागा सकाळी रिकामी असायची.

त्या सुट्टीत आपण चिंचेखाली भांडलो. तुम्हाला आठवत असेल.

"मामा, हे शेत तुमचं होऊ शकतं. तुम्ही अंगठा देऊ नका."

"माझं कसं? नांगर माझा, बैल माझं. जिमीन त्येंची."

"कायद्यानं तुमची."

"कायदा राहतोय कुठं? उमरग्याला. आन मी राहतोय हितं." मग तुम्ही चिंचेचं टरफल फोडत हळू बोललात. "ऐक. चार एकरावर आमची सहा तोंडं भागत न्हाईत. वरसातलं चार म्हैनं म्या आन तुझी मामी मालकाच्याच रानात जातो, खुरपाया, काढनीला. उद्या शेत माझं म्हनलं आन त्येनं काम बंद केलं, तर? आन त्यो एकटा न्हाय. सारे मालक एका ओसरीवर बसत्यात. मुरुमपतूर कुनी मला रानात घ्यायचं न्हाय."

"म्हणून काय हक्क सोडायचा?"

"तुला काम मागाया जावं लागत न्हाय, वकीलसाहेब. म्हनून तू बोलायलास."

मी चिडलो. म्हणालो, तुम्ही घाबरट आहात. मामा, मी तुम्हाला हा शब्द वापरला, आणि तुम्ही चिंचेची बी थुंकून नुसतं हसलात. त्या भांडणात बरोबर कोण होतं याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. तुम्ही जे सांगत होता ते पुस्तकात नव्हतं, आणि ते खरं होतं. पण मीही खोटं सांगत नव्हतो.

शेवटी तुम्हीच तोड काढली. मालकांनी तुम्हाला महिनाभराची मुदत दिली होती. मग उमरग्याला साहेबासमोर उभं करणार होते. तुम्ही म्हणालात, "तू सोलापुरात कुना जानत्याला इचार. मग मला लिवून धाड. तू लिवशील तसं करतो. अंजनाक्काच्या गळ्याची आन."

मी विचारलं. कॉलेजच्या मागं एक वकील राहत होते, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "त्याला एकच वाक्य पाठ करून ठेवायला सांग. साहेब विचारतील, राजीखुशीनं सोडतोस का? त्यानं म्हणायचं, नाही, शेत मी कसतो आणि मला सोडायचं नाही. एवढं म्हटलं की कुणी त्याला उठवू शकत नाही."

एक वाक्य. ते कार्डावर दोन ओळींत मावलं असतं.

टेबलाशी बसलो आणि मला भीती वाटू लागली. गावात येणारं टपाल आधी मालकांच्या ओसरीवर पडायचं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, मामींना नाही, आईला नाही. गावच्या शाळेचे मास्तर सुट्टीवर गेले होते. म्हणजे कार्ड दिवाणजी वाचणार, ओसरीवर, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. बंद पाकीट पाठवलं असतं तर ते म्हणाले असते, पोरगा चोरून काय लिहितो? फोडूनच वाचलं असतं. आणि त्या पाडव्याला माझ्या धाकट्या भावानं मालकांकडं साल धरलं होतं. आमचं घर मालकांच्या जागेत होतं. माझ्या एका वाक्यानं आईला घर सोडावं लागलं असतं, भावाचं साल तुटलं असतं, आणि मालकांच्या पत्रावर मिळालेलं वसतिगृहही माझ्या हातून गेलं असतं. हे शेवटचं मी आजपर्यंत स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं.

मी स्वतः यायला हवं होतं. सोलापूरहून मुरुमपर्यंत मोटार होती, पुढं दोन कोस चालायचं. परीक्षा होती असं मी स्वतःला सांगितलं. परीक्षा होतीच. पण दोन पेपरांच्या मध्ये चार दिवस रिकामे होते. त्या चार दिवसांत मी खोलीत बसून होतो.

मग मी असं कार्ड लिहिलं की दिवाणजींनी ते दहा वेळा वाचलं असतं तरी त्यांना काही सापडलं नसतं. मी मनाला समजावलं की खाजामामा हुशार आहेत, हे दिवाणजींसाठी लिहिलंय हे ते ओळखतील, थांबतील, मी येईपर्यंत टाळतील. लिहिताना मला हे खरंच पटलं होतं की मी पटवून घेतलं होतं, ते आता सांगता येत नाही. कार्ड पेटीत टाकलं आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

परीक्षा संपवून आलो तेव्हा तुम्ही मला मुरुमपर्यंत घ्यायला आला होता. ट्रंक डोक्यावर घेतलीत, मला घेऊ दिली नाहीत. चालता चालता खुशीत सांगायला लागलात.

"नामदेवा, तुझं कार्ड आलं बरं का. दिवाणजीनं ओसरीवर वाचलं. साऱ्यांनी ऐकलं. मालक म्हनले, शिकलेलं पोरगं कसं लिवतंय बघा!"

मी विचारलं, "मग?"

"मग काय, उमरग्याला गेलो. सायबानं लई चांगलं इचारलं, खरं सांगतो. म्हनला, म्हातारबा, कुनी जबरी केली का? राजीखुशीनं सोडतुयास का? म्या म्हनलं, व्हय सायब, राजीखुशीनं. माझ्या कालेजातल्या भाच्याचं कार्ड आलंय. त्येला इचारूनच करायलोय." तुम्ही ट्रंक सावरलीत. "कार्ड बी दावलं त्येला. लटलट पाय कापत हुते माझे, खाकीवाले उभे हुते ना दारात. पन कार्ड खिशात हुतं. म्हनलं, आपला मानूस संगं हाय."

ओढा आला, आपण पाय धुतले, आणि गावात शिरलो.

मामा, तुम्ही खरंच ओळखलं नव्हतं का? की ओळखूनही मला सांभाळून घेत होता? हे विचारायला मला कितीतरी पाडवे मिळाले. एकदाही विचारलं नाही. तुम्ही "ओळखलं होतं" म्हणाला असता तरी मला भीती होती, आणि "न्हाय" म्हणाला असता तर त्याहून जास्त.

पुढं जे झालं ते गावानं पाहिलं. पहिल्या वर्षी तुम्ही मालकांकडं साल धरलंत. पटवारी पाहणीला आला त्या दिवशी चिंचेच्या शेतात मालकांचा पुतण्या पांढऱ्या धोतरात चाड्यावर उभा राहिला, कसणारा तोच आहे हे दिसावं म्हणून. निम्मं बी तासाबाहेर गेलं. पटवारी गेल्यावर तुम्हाला हाक आली. तुम्ही आम्हाला ती गोष्ट हसवून सांगायचात: "बैलं बी मागं वळून बघायलेती. म्हनायलेती, खाजा, ह्यो कोन रं?" आम्ही सगळे हसायचो. आई मात्र हसायची नाही, ती तुमच्याकडं बघत राहायची. दुसऱ्या पाडव्याला तुम्हाला त्या शेतात पाऊल टाकू दिलं नाही, माळावर पाठवलं. तिसऱ्या पाडव्याला साल मिळालं नाही. तरणी माणसं पुष्कळ होती आणि सगळ्यांचीच शेतं सुटली होती. मग पार. मग ती भिंत.

आणि अंगठा दिला नसता तर? तर कदाचित तुम्ही सांगितलं होतं तेच झालं असतं. आमच्याच गावात एकानं अंगठा दिला नाही. त्याला शेत राहिलं, पण त्याच्या बायकोला तीन वर्षं कुणी खुरपायला बोलावलं नाही, आणि अखेर ती दोघंही शेत सोडून सोलापूरला गेली. म्हणून त्या एका वाक्यानं तुम्ही वाचला असता असं मी म्हणत नाही. निवड तुमची होती, आणि ती करण्यासाठी लागणारं वाक्य मी माझ्या खिशात ठेवलं. एवढंच म्हणतो.

पदवी घेऊन आलो त्या दिवशी तुम्ही माझं प्रमाणपत्र हातात घेतलंत. उलटं धरलं होतं. म्हणालात, "किती जड हाय रं ह्ये. म्या सहा म्हैनं उचललं हुतं." सगळे हसले. मी तुमच्या पाया पडलो आणि रडलो. लोकांना वाटलं, कृतज्ञतेनं. तीही होती.

आता रहीमचं. मालक गेले, पुतण्या आता मालक आहे. त्यानं ओढ्याकाठचा एक तुकडा तीन वर्षांपूर्वी रहीमला तोंडी बटईनं दिला. कायदा पुन्हा कडक होणार असं काहीतरी त्याच्या कानावर आलं असावं. त्यानं रहीमपुढं कागद ठेवला आहे: मी बटईदार नाही, मजूर आहे. पाडव्याच्या आत उमरग्याला साहेबासमोर अंगठा पाहिजे. चंची माझ्यासमोर उघडून रहीम तेच विचारत होता.

"भाऊ, काय करू? अंगठा न्हाय दिला तर पारावर बी कुनी इचारायचं न्हाय. दिला तर तुकडा जातोय. तुमी सांगाल तसं करतो."

तुमचंच वाक्य, तुमच्याच आवाजात. आई अजून त्याच जागेतल्या घरात राहते. भावाची बैलजोडी पुतण्याच्या रानातून येते-जाते. आणि आता गावात दिवाणजी एकटा वाचणारा नाही, पाच-सहा घरांत वाचणारे झाले आहेत. हे लिहिलेलंही कुणीतरी वाचेल आणि ओसरीवर पोचवेल. शाळेच्या समितीत कोण कोण बसतं तेही मला ठाऊक आहे. इतक्या वर्षांनीही मी तोच आहे, मामा. फक्त या वेळी परीक्षा नाही.

रहीमला मी म्हणालो, सोमवारी ये. मी सुट्टी टाकतो. आपण दोघं उमरग्याला जाऊ. वकिलांचं ते वाक्य मी त्याला सांगितलं, आणि तुम्ही चिंचेखाली सांगितलेलंही सांगितलं, दोन्ही, काही न गाळता. ठरवायचं त्यानं. साहेबासमोर तो काहीही म्हणो, मी शेजारी उभा राहीन. पाय कापतील. तुमचेही कापले होते, आणि तुम्ही खिशातल्या कार्डाच्या भरवशावर उभे राहिला होता.

म्हणून निघण्याआधी, तो माझ्याकडं ठेवून गेलेलं ते कार्ड त्याला वाचून दाखवायचं आहे. शाई पुसली नव्हती हे सांगायचं आहे. त्याआधी तुम्हाला वाचून दाखवतो, मामा. आजवर तुम्ही ते दिवाणजींच्या तोंडून ऐकलं आहे. आता माझ्या तोंडून ऐका.

मु. सोलापूर

ती. खाजामामा यांस नामदेवचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

मी येथे खुशाल आहे. परीक्षा चालू आहे, म्हणून येता येत नाही. आईस काळजी करू नये असे सांगावे. मालक व दिवाणजी यांस माझा नमस्कार सांगावा. त्यांचे आपणां सर्वांवर फार उपकार आहेत.

आपण ज्याविषयी विचारले होते त्याची येथे चौकशी केली. त्यात विशेष काही नाही. मालक वडीलधारे आहेत. ते सांगतील तसे करावे, म्हणजे कोणास त्रास होणार नाही.

तब्येतीस जपावे. मामींस नमस्कार, रहीमला आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक भाचा,
नामदेव